वाटून घेतलेली परीक्षा

रविवारी कारखाना बंद असतो म्हणजे फक्त यंत्रं बंद असतात. खाली बाइंडिंगचा कारखाना आणि वर राहायच्या खोल्या असल्यावर माणसं जाणार कुठे? त्यामुळे जेवणं झाल्यावर आजोबांनी "सगळे जरा खाली या" म्हटलं तेव्हा सगळे खाली आले आणि कोणी न सांगता जो तो आपापल्या टेबलाशी जाऊन बसला. आत्या शिलाईच्या चौकटीपाशी, काका कटिंग मशीनला टेकून, आई पुस्तकांवर सोनेरी अक्षरं उमटवायच्या टेबलाशी, आणि आजोबा दाराजवळ पुठ्ठ्यांच्या मागे, जिथून सगळ्यांच्या हातांवर लक्ष ठेवता येतं. बैठक घरातलीच होती, पण दिसायला सोमवार सकाळसारखी दिसत होती.

बैठकीचा विषय वरच्या खोलीत दार लोटून, झोपेचं सोंग घेऊन पडला होता. गुरुवारी निकाल लागला आणि टाचणी नापास झाली. हे नाव तिच्या बापाने ठेवलेलं. लहानपणी ती किडकिडीत होती आणि तिचे प्रश्न टोचायचे. आता बाप नव्हता, प्रश्नही फारसे उरले नव्हते, नाव तेवढं राहिलं होतं. भाषेत ती चांगली पास झाली होती, जीवशास्त्रात तर फारच चांगली, पण गणितात आणि रसायनशास्त्रात तिने अशी गटांगळी खाल्ली होती की वर यायला जागाच नव्हती. आणि ही परीक्षा हातची गेली की विद्यापीठाचं दार लागलंच म्हणून समजायचं.

दुसऱ्या घरात मुलगी नापास झाली तर ती एकटी नापास होते. इथे पाच जण एकदम झाले होते. त्याला कारण गेल्या वर्षी काकाने काढलेली टूम. "बाहेरची शिकवणी कशाला? आपण चौघं काय मेलोय? विषय वाटून घेऊ." काकाचं गणित पक्कं, आत्या लग्नाआधी शाळेत रसायनशास्त्र शिकलेली, आजोबांनी बांधायला आलेलं एकही पुस्तक न वाचता शिवलेलं नाही, म्हणून भाषा त्यांची. आईच्या वाट्याला जीवशास्त्र आलं, पण तिथे शिकवायला काही नव्हतंच. उलट लेकच आईला झुरळाचे पाय मोजून दाखवायची. टाचणीला किडे-मुंग्यांचं वेड होतं आणि विद्यापीठात तिला तेच शिकायचं होतं. पुस्तकं खाणारी जी कसर या घराने तीन पिढ्या मारली, तिच्याविषयी ही पोरगी कौतुकाने बोलायची, आणि आजोबा कानांवर हात ठेवायचे.

विषय वाटले इथवर ठीक होतं. पण ज्या घरात पुस्तकं आहेत आणि सुरीही आहे, तिथे पुढचं व्हायचंच. कोणीतरी म्हणालं, रसायनातली आकडेमोड आत्याला कुठे जमते, ती काकाला दे. कोणी म्हणालं, भूमितीच्या आकृत्या वहिनीलाच शिकवू दे, तिचा हात सरळ. मग काकाने पाठ्यपुस्तकं उसवली. सोळा-सोळा पानांच्या घड्या, ज्यांना इथे फर्मे म्हणतात, सुट्या केल्या आणि ज्याचा फर्मा त्याच्या टेबलावर ठेवून दिला. वर्षभर टाचणी संध्याकाळी या टेबलावरून त्या टेबलावर जायची. एकाचं संपलं की तो म्हणायचा, "झालं, पुढे जा," आणि ती पुढे जायची. फक्त जीवशास्त्राच्या पुस्तकाला तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. ते उशाशी घेऊन झोपायची.

"गुरुवारपासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाहीये," आजोबा म्हणाले. "आता बोला. मला भांडण चालेल, ही अशी तोंडं नको."

भांडण चालेल म्हटल्यावर काकाने वेळ घालवला नाही.

"पेपर सोपा होता," तो म्हणाला.

आत्याने मान वर केली. "मग तू बसायचंस."

"मी सोडवून पाहिला, ताई. शुक्रवारी. आपण शिकवलं नाही असं त्यात काहीही नव्हतं. पहिल्या प्रश्नात तर पोरीला पैकीच्या पैकी आहेत. मग पुढे काय झालं?"

"पुढे तुझा विषय झाला. मला काय विचारतोस?"

"आणि रसायन? ते कोणाचं?"

"रसायनातली आकडेमोड कोणाकडे होती ते आधी सांग. सूत्रं तिला तोंडपाठ होती. माझ्या टेबलावरून पोरगी पाठ करून उठायची. तुझ्या टेबलावर बसली की विसरायची, त्याला मी काय करू?"

काकाला हे फार लागलं. या धंद्यात पानं तिरकी कापली गेली की नाव कटिंगवाल्याचं जातं, शिलाई कितीही ढिली असो. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्यापासून कागदाच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्याने सांगून ठेवलं होतं, की गणिताची काळजी नाही, गणित माझ्याकडे आहे. गुरुवारपासून तो चहा घरीच पीत होता. आणि त्याचं खरं दुःख गणिताचंही नव्हतं. त्याला मूलबाळ नव्हतं. संध्याकाळची ती एक घटका, पोरगी शेजारी बसून पेन्सिल चावायची ती, त्याला दिवसभरातली सगळ्यात आवडायची, आणि आता ती संपली असं त्याला वाटत होतं. पण हे असलं काही कटिंग मशीनला टेकून बोलता येत नाही.

"सोड ना," तो म्हणाला. "झालं गेलं. मी काय म्हणतो, कशाला हवंय विद्यापीठ? पोरीचा हात चांगला आहे. घड्या माझ्यापेक्षा सफाईने घालते. इथे राहील, शिकेल, कारखाना पुढे तिचाच आहे."

"तिचाच आहे म्हणून इथेच डांबायची?" आत्या म्हणाली.

"डांबायची कोण म्हणतंय?"

"भाषेत बघ किती पडले," आजोबा मध्येच म्हणाले. त्यांना हे गुरुवारपासून म्हणायचं होतं. "म्हणजे शिकवण्यात राम असला की पोरगी शिकते. आता असं करायचं. पुढच्या वर्षी परत तीच परीक्षा, सगळे विषय. गणितही मीच बघतो."

"बाबा, तुम्ही अजून बोटांवर मोजता."

"मग? बोटं चुकत नाहीत."

आईला हसू आलं आणि तिने ते अक्षरांच्या खणात तोंड घालून लपवलं. निकाल लागल्यापासून ती एक शब्दही बोलली नव्हती. या घरात ती सून म्हणून आली तेव्हा सोनेरी अक्षरांचं टेबल नवऱ्याचं होतं. तो गेला आणि महिन्याभरात ती त्याच्या खुर्चीवर बसली. तेव्हापासून घरातल्या भांडणांत तिचं मत कोणी विचारलं नव्हतं, म्हणजे मुद्दाम टाळलं असं नाही, पण तिच्या हातात तापलेले ठसे असायचे आणि लोकांना वाटायचं, तिला कशाला मध्ये ओढा. तिला मात्र मत होतं. पोरीला आता कोणी हात लावू नये, कशालाच बसवू नये, असं तिचं मत होतं. गुरुवारी संध्याकाळी टाचणी न्हाणीघरात नळ सोडून बसली होती, आणि दाराबाहेर उभं राहून त्या पाण्याचा आवाज ऐकणं आईला परत जमणार नव्हतं.

"वर्षभर थांबायची गरज नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता, आणि आत्याचा आवाज खाली आला की घरातले सावध होतात. "विद्यापीठात एक पूर्ववर्ग असतो. एक वर्षाचा. जे नापास झाले, ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, त्यांच्यासाठी. गणित आणि विज्ञान मिळून एकच पेपर द्यायचा, तीन तासांचा. पास झाली तर वर्षभर तिथे शिकायचं आणि मग थेट पदवीच्या पहिल्या वर्षाला. बाकीच्यांच्या बरोबरीने. किड्यांचं शास्त्रसुद्धा आहे, मी विचारलं."

"कोणाला विचारलंस?"

"जाऊन विचारलं. शुक्रवारी. आणि तिचं नाव देऊन आले. पेपर येत्या शनिवारी आहे."

आजोबांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. रविवार असूनही त्यांच्या हातात पुठ्ठा होता. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"असतोच. ते मागचं दार आहे. नापासांचं. या घरातलं पहिलं माणूस विद्यापीठात जायचं ते पुढच्या दाराने जाईल."

"बाबा, चाळीस वर्षं तुम्ही बांधलेल्या प्रबंधांची गाठोडी घेऊन विद्यापीठात जाताय. कुठल्या दाराने जाता?"

आजोबांनी पुठ्ठा परत हातात घेतला. माल न्यायचं दार इमारतीच्या मागच्या अंगाला होतं आणि हे गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

"तुम्हाला तो मुंग्यांवर प्रबंध लिहिणारा आठवतो?" आत्या म्हणाली. "जाड चष्म्याचा? त्याचं काम तुम्ही स्वतः केलंत, कोणाला हात लावू दिला नाहीत. असा अभ्यास दहा वर्षांत पाहिला नाही म्हणालात."

"हुशार माणूस. त्याचं काय?"

"तो दोनदा नापास झालेला. याच पूर्ववर्गातून गेला. मला त्यानेच सांगितलं."

आजोबांनी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या इमारतीत कोणीतरी चादर झटकत होतं. माणूस पंचाहत्तरीचा झाला तरी त्याचं मत एका वाक्यात बदलू शकतं, फक्त तसं दिसू द्यायचं नसतं. "चेहऱ्यावरून वाटलं नाही," एवढंच ते म्हणाले, आणि आत्याला कळलं की बाप तिच्या बाजूला आला. काकाही विरघळत होता. तीन तासांत एकच पेपर म्हणजे गणित अर्ध्यावर येणार, आणि सहा संध्याकाळी हातात होत्या.

"मग आज रात्रीपासूनच बसू," काका म्हणाला. "मी आकडेमोड घेतो. ताई, तू फक्त सूत्रं बघ. वहिनी आकृत्या..."

"नाही," आई म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं.

"तिला बसवायचं नाही," आई म्हणाली. "शनिवारीही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. परत नापास झाली तर तुम्ही तिघं परत इथे बसून कोणाचा विषय होता ते ठरवाल. मी तिला सावरत बसेन. मला नाही जमणार, बाबा. राहू दे इथेच. भावजी म्हणतात ते बरोबर आहे."

ज्या काकाच्या बाजूने वहिनी आज पहिल्यांदा बोलली होती, तो नेमका आता त्या बाजूला उरला नव्हता. तो कानामागे खाजवत राहिला. आत्या काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात जिन्याची सर्वांत वरची पायरी वाजली.

टाचणी अर्ध्या जिन्यात येऊन बसली. केस विस्कटलेले, पायांत मोजे, गालावर उशीची घडी उमटलेली. म्हणजे काही वेळ खरंच झोपली असावी.

"सगळं ऐकू येतंय," ती म्हणाली. "यंत्रं बंद असली की तुम्ही फार मोठ्याने बोलता."

 काकाने जवळचं स्टूल पुढे सरकवलं, पण ती उठली नाही.

"आईचं बरोबर आहे. मी नाही बसत. मी घड्या घालीन. मला घड्या जमतात."

आजोबांचा चेहरा उतरला. हेच शब्द त्यांनी याच जागी पूर्वी ऐकले होते. थोरल्याचा, म्हणजे टाचणीच्या बापाचा, विद्यापीठातला प्रवेश नक्की झाला होता त्या वर्षी त्यांचे डोळे बिघडले, आणि तो म्हणाला होता, यंदा मी घड्या घालतो, पुढच्या वर्षी जाईन. ते पुढचं वर्ष त्याच्या मरणापर्यंत आलं नाही.

"बरं, नको बसूस," आजोबा म्हणाले, आणि आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "पण एक सांग. आम्ही कोणी तुला विचारलंच नाही. तिथे झालं काय?"

टाचणीने मोज्याचं सुटलेलं सूत बोटाला गुंडाळलं. हा प्रश्न तिनेही स्वतःला गुरुवारपासून विचारला होता, आणि उत्तर इतकं वेडगळ होतं की ते कोणाला सांगायची तिला लाज वाटत होती. त्यापेक्षा ढ म्हणवून घेणं सोपं.

"हसणार नाही ना?"

"नाही," काका म्हणाला.

"पहिला प्रश्न सोडवला. नीट सोडवला, काका, तू सांगतोस तसा, पायरी पायरीने. मग थांबले."

"का?"

"माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. कोणीतरी म्हणेल असं वाटलं."

"काय म्हणेल?"

"झालं, पुढे जा."

वरच्या नळाची टपटप खाली ऐकू येत होती.

"कळत होतं की तिथे कोणी म्हणणार नाही," टाचणी घाईने म्हणाली. "मी वेडी नाहीये. पण हात पुढे जाईना. वाटायचं, हा बरोबर आहे की नाही हे कोणी बघितलंच नाही, मग दुसऱ्याला हात कसा लावायचा? मग पहिलाच परत तपासला. मग परत. शेजारची मुलगी पुरवणी मागत होती तेव्हा मी दुसरा प्रश्न वाचत होते. वाचला, तर तो येत होता. सगळं येत होतं, काका. मग रडायला आलं, आणि रडण्यात राहिलेला वेळ गेला. रसायनाला तेच."

"भाषेत?" आजोबांनी विचारलं. त्यांना विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"भाषेत मोठा निबंध होता, आजोबा. त्यात थांबायला जागाच नव्हती."

आजोबांनी मान हलवली. भाषेच्या गुणांचं श्रेय असं मुकाट्याने गेलं. आईच्या मात्र मनात दुसरंच आलं होतं. सगळ्यांत जास्त गुण जीवशास्त्रात होते. जो विषय तिच्या वाट्याला आला आणि तिने शिकवलाच नाही तो, जे पुस्तक पोरीने कोणाला उसवू दिलं नाही ते.

बोलला मात्र काका. चेष्टा आणि भांडण सोडून तो सहसा असं बोलत नसे.

"आपण तिला फर्म्यासारखी फिरवली," तो म्हणाला. "या टेबलावरून त्या टेबलावर. आपल्या हातात फर्मा आला की आपण आपलं काम करतो आणि पुढे सरकवतो. फर्म्याला कुठे कळतं पुस्तक केवढं आहे? ताई, आपल्यापैकी एकाने तरी तिला एकटीला अख्खा पेपर दिला?"

 आत्या उठली आणि प्रत्येकाच्या टेबलाखालच्या खणातून पाठ्यपुस्तकांचे फर्मे गोळा करायला लागली. काहींवर चहाचे डाग होते, काहींच्या समासात काकाची चित्रं होती, आजोबांच्या खणातल्या एकाचा कोपरा खळीने चिकटून बसला होता. सगळ्यांचा ढीग तिने मधल्या मोठ्या टेबलावर रचला. वर्षभरात या पुस्तकांना कोणी एकत्र पाहिलं नव्हतं.

"केवढी आहेत," टाचणी म्हणाली.

"एवढीच आहेत," आत्या म्हणाली. "तुला आम्ही भलतीच मोठी वाटायला लावली. चुकलं आमचं."

टाचणी ढिगाकडे पाहत राहिली. "तरी मी नाही बसणार."

"नको बसूस," आई म्हणाली. ती आपल्या टेबलामागून उठून जिन्यापाशी आली आणि लेकीच्या दोन पायऱ्या खाली बसली. "मीच नको म्हणत होते. पण तू घड्या घालीन म्हणालीस ना, ते मला सहन झालं नाही. तुझा बाबा प्रबंधांवर अक्षरं ठोकायच्या आधी ते वाचत बसायचा. निम्मं कळायचं नाही, तरी वाचायचा. मग दुसऱ्याचं नाव सोन्याने लिहायचा आणि मला दाखवायला आणायचा. चांगलं आलंय ना, म्हणायचा. मला दर वेळी वाईट वाटायचं. तूही वाचतेस. पावसाळ्यात त्या भुंग्यांच्या प्रबंधावर चार दिवस बसली होतीस, मी बघत नव्हते असं वाटलं का तुला?"

"आई, परत तसंच झालं तर?"

"झालं तर झालं. मला भीती वाटते ती माझी आहे, तू का घेतेस? तू तुझी सांग. तुला जायचंय की नाही?"

टाचणीने मोज्याचं सूत बोटावरून सोडवलं. 

"जायचंय," ती म्हणाली.

मग ती एकदम उठली, जणू मन बदलायच्या आत उरकायचं होतं. "आत्या, त्या पूर्ववर्गाचा जुना पेपर मिळाला का?"

"मिळालाय."

"तो दे. मी आत्ता वर बसते. तीन तास. कोणी यायचं नाही. पाणी द्यायला नाही, काय करतेय बघायला नाही. काका, तू तर जिन्याकडे बघायचंही नाहीस. जमलं तर शनिवारी जाईन. नाही जमलं तर नाही, आणि मग कोणी काही बोलायचं नाही."

"आणि आम्ही तीन तास काय करायचं?" आजोबांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"पुस्तकं शिवा," टाचणी म्हणाली. "जशी होती तशी. मला अख्खी पाहिजेत." ती पेपर घेऊन वर गेली आणि दार बंद झालं.

त्या दुपारी या कारखान्यात जसं काम झालं तसं कधी झालं नव्हतं. यंत्र लावायचं नाही, कारण आवाज वर जातो. बोलायचं नाही, कारण तोही जातो. आत्याने फर्मे क्रमाने लावले आणि हाताने शिवायला घेतले. काकाला कापायला काही नव्हतं म्हणून तो समासातली आपली पेन्सिलची चित्रं ब्रेडच्या तुकड्याने पुसत बसला. आजोबा खळ घोटत होते. खळ केव्हाच घोटून झाली होती, तरी घोटत होते. मध्ये एकदा त्यांच्या हातातली घड्या दाबायची हाडाची पट्टी जमिनीवर पडली आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी सुनेसमोर कान पकडले. आईला उठून एकदा तरी वर जावंसं वाटत होतं, पण ती पुठ्ठ्यांना कापड लावत राहिली.

वरून थोडे थोडे आवाज येत होते. खुर्ची सरकली. कागद उलटला. बऱ्याच वेळाने पुन्हा उलटला, आणि काकाने ओठ हलवून आत्याला सांगितलं, दुसरा प्रश्न. आत्याने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण तिच्या सुईचा वेग वाढला. कागद आणखी उलटले. उन्हाची तिरीप कटिंग मशीनवरून भिंतीवर गेली. गणिताचं पुस्तक पुरं झालं, दाबाखाली गेलं. रसायनाचं अर्ध्यावर आलं.

मग वरचे आवाज थांबले.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग चौघांच्याही एकदम आलं. खुर्ची नाही, कागद नाही. नंतर पावलं ऐकू आली, खिडकीपर्यंत गेलेली आणि परत आलेली. पुन्हा गेलेली. मग तीही थांबली. आजोबांच्या हातातली पळी थांबली. काकाने कपाळाला हात लावला. आपली पोरगी परत तिथेच येऊन पोचली आहे आणि पुढे जाता येत नाहीये, हे चौघांना दिसत असल्यासारखं कळलं. आत्याने आजोबांच्या मनगटावर हात ठेवला, कारण ते उठायला लागले होते.

उठली ती आई. तिघांना इतका वेळ धाकात ठेवणारी तीच जिन्यापाशी गेली, एक पायरी चढली, दुसरी चढली. न्हाणीघरातला तो नळ तिच्या कानांत वाहत होता. तिसऱ्या पायरीवर लाकूड करकरलं.

"आई?" वरून आवाज आला.

"हो गं."

"अडकलेय."

आईने कठडा धरला. "मग येऊ का?"

वर बराच वेळ काही नाही. 

"नको," टाचणी म्हणाली. आवाज रडवेला होता, पण ठाम होता. "तो सोडते आणि पुढचा घेते. मी ये म्हटलं तरी तू येऊ नकोस."

"बरं," आई म्हणाली, आणि तिथेच तिसऱ्या पायरीवर, खाली तोंड करून बसली. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला वेळ लागला, कारण हातांना खळ होती. आजोबांनी काही विचारू नये म्हणून तिने मान हलवली. मग वर खुर्ची सरकली, कागद उलटला, आणि खाली चौघांपैकी एकही जण जागचा हलला नाही.